विरजण लागलेला वॉर्ड

रुग्णालयात दाखल झालेल्या माणसाच्या दिवसाचा हिशेब कधी मांडून पाहिलाय? सकाळी डॉक्टरांचा राउंड, दहा मिनिटं. नर्स गोळ्या देते, बीपी पाहते. तिचा धरा अर्धा तास. झोप, जेवण, तपासण्या वजा करा. तरी दहा-बारा तास उरतातच. त्या तासांत पेशंट काय करतो? छताकडे बघतो. खिडकीबाहेर बघतो. शेजारच्या खाटेवरच्या माणसाशी बोलतो.

पाय मोडला असेल तर या रिकाम्या तासांनी फारसं बिघडत नाही. हाड आपलं आपण सांधत राहतं. पण दुखणं मनाचं असेल तर? माणसांची भीती वाटते, माणसांवर राग येतो, माणसांत राहवत नाही, हेच दुखणं असेल तर? मग ते दहा-बारा तास वाया जातायत की तिथेच काहीतरी घडतंय?

ऐंशी वर्षांपूर्वी काही डॉक्टरांना अचानक एक शंका आली. खरं औषध त्या रिकाम्या तासांतच पडून असेल, आणि ते देणारा डॉक्टर शेजारच्या खाटेवर बसलेला असेल तर?

दुसरं महायुद्ध सुरू झालं होतं. लंडनच्या उत्तरेला मिल हिल नावाची एक शाळा आहे. बॉम्बहल्ल्यांच्या भीतीने तिथली मुलं दूर कंबरलँडला हलवली आणि रिकाम्या वर्गांमध्ये रुग्णालय उघडलं. त्यात शंभर खाटांचा एक विभाग मॅक्सवेल जोन्स या तरुण मनोविकारतज्ज्ञाकडे आला. त्याचे पेशंट होते सैनिक. तक्रार सगळ्यांची एकच: छातीत धडधडतं, धाप लागते, चक्कर येते, चार पावलं पळालं की जीव जाईलसं वाटतं. तपासावं, तर हृदय ठणठणीत! या दुखण्याला तेव्हा ‘इफर्ट सिंड्रोम’ म्हणत. पहिल्या महायुद्धातही हजारो सैनिक याच तक्रारीने मागे धाडले गेले होते.

ही मंडळी सोंग करत नव्हती. मग हे होतं कसं? गणपतीच्या मांडवात कुणी माइक स्पीकरच्या तोंडाशी नेला की कशी कर्कश शीळ घुमते, ते आठवा. स्पीकरचा बारीक आवाज माइकमध्ये शिरतो, मोठा होऊन बाहेर पडतो, पुन्हा माइकमध्ये शिरतो. शरीरातही असंच चक्र लागतं. भीतीने श्वास जलद होतो. जलद श्वासामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, मग डोकं हलकं होतं, बोटांना मुंग्या येतात. भीतीने हृदयाचे ठोकेही वाढतात. ते सगळं जाणवलं की माणूस आणखी घाबरतो, आणि श्वास आणखी जलद होतो. हृदय निरोगी, फुप्फुसं निरोगी, तरी माणूस गर्भगळित.

आता, हे एकेकाला समजावत बसायला किती वेळ लागेल? जोन्सने सोपा मार्ग काढला. सगळ्यांना एकत्र बसवलं, फळ्यावर आकृती काढली आणि शरीराची यंत्रणा समजावून सांगायला लागला. वेळ वाचवण्याची साधी युक्ती. पण थोड्याच दिवसांत त्याच्या लक्षात एक गोष्ट आली. नवा पेशंट आला आणि त्याने काही विचारलं, की उत्तर द्यायला जोन्सच्या आधी जुने पेशंट सरसावत. आणि ते त्याच्यापेक्षा चांगलं समजावून सांगत! सैनिकाच्या भाषेत, स्वतःच्या छातीवर हात ठेवून: मलाही हेच होत होतं, बघ, मी मेलो का?

डॉक्टरच्या तोंडून ‘घाबरू नका, तुम्हाला काही झालेलं नाही’ हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय. त्याने धीर येतो का? फारसा नाही. डॉक्टरला धडधड झालेली नसते. पण परवापर्यंत आपल्यासारखाच भिंतीला धरून चालणारा माणूस आज मैदानात पळताना दिसला, तर? त्याच्या शब्दाला जे वजन येतं, ते कुठल्याही पदवीने येत नाही.

आणखी एक योगायोग. युद्धकाळात तिथे मदतनीस परिचारिका म्हणून आलेल्या बऱ्याच जणी मुळात या पेशातल्या नव्हत्या. वेगवेगळी कामं करणाऱ्या, शिकलेल्या मुली. साहेबांच्या पुढे तोंड उघडायचं नाही, ही रुग्णालयाची शिस्त त्यांच्या अंगात भिनलेली नव्हती. त्या प्रश्न विचारत, पेशंटशी बरोबरीने बोलत. वरच्याने सांगायचं आणि खालच्याने ऐकायचं ही उतरंड मिल हिलमध्ये हळूहळू सैल झाली, आणि ती सैल झाल्यावर वॉर्डाला जणू वाचा फुटली.

त्याच युद्धात बर्मिंगहॅमजवळच्या नॉर्थफील्ड लष्करी रुग्णालयातही असाच उद्योग चालला होता, आणि मला तर या साऱ्या इतिहासात तोच भाग सर्वांत रोमांचक वाटतो. 1942-43च्या हिवाळ्यात तिथला प्रशिक्षण विभाग विल्फ्रेड बायनकडे आला. बायन पहिल्या महायुद्धात रणगाड्यावर लढलेला, पुढे मनोविश्लेषक झालेला. वॉर्डाची अवस्था वाईट होती. घाण, टाळाटाळ, तक्रारी. सैन्यातला अधिकारी अशा वेळी काय करेल? दोन-चार जणांना शिक्षा देईल. बायनने तसं काही केलं नाही. प्रत्येकाने कुठल्यातरी गटात सामील व्हायचं, नवा गट काढायचा असेल तर काढायचा, आणि रोज दुपारी 12 वाजून 10 मिनिटांनी सगळ्यांनी एकत्र जमून आपल्याच वॉर्डाकडे जरा लांबून बघायचं, एवढंच ठरवलं. कामचुकारांबद्दल तक्रार घेऊन कुणी आला, की तो प्रश्न तसाच त्यांच्यापुढे परत ठेवी: मग आता काय करायचं, तुम्हीच सांगा.

काही दिवसांनी सैनिक आपणहून सांगायला आले, की वॉर्ड फार घाण आहे, साफसफाईसाठी आपला एक गट हवा! कुणीही हुकूम सोडला नव्हता. हा प्रयोग जेमतेम सहा आठवडे चालला आणि वरून बंद करण्यात आला. पण सहा आठवड्यांत जे दिसलं, ते विसरता येण्यासारखं नव्हतं.

पुढे तिथेच हॅरॉल्ड ब्रिजर आला. हा तर डॉक्टरही नव्हता. आधी गणिताचा शिक्षक, मग तोफखान्यातला अधिकारी. त्याने रुग्णालयाच्या मधोमध एक मोठी जागा रिकामी करवली आणि जाहीर केलं, की हा पेशंटांचा क्लब. बस्स! ना खुर्च्या, ना कॅरम, ना कार्यक्रमपत्रिका. जागा तशीच मोकळी. दिवस गेले, तरी ब्रिजर थांबून राहिला. अखेर पेशंट चिडले. युद्धाच्या काळात एवढी जागा वाया घालवता म्हणजे काय, म्हणून त्यांनी निषेधसभा भरवली. आणि त्या सभेतूनच क्लब उभा राहिला! त्याने क्लब आयता दिला असता, तर तो त्याचा झाला असता. भांडून मिळवल्यामुळे तो त्यांचा झाला. वाट पाहण्याचं हे धैर्य माझ्या मते शस्त्रक्रियेच्या कौशल्याइतकंच मोलाचं आहे.

याच नॉर्थफील्डमधल्या टॉम मेन या डॉक्टरने 1946 साली एका लेखात या साऱ्याला नाव दिलं: ‘थेरप्यूटिक कम्युनिटी’. आपण उपचारसमूह म्हणू. रुग्णालय ही उपचार देणारी इमारत न राहता, तिथे राहणाऱ्या सगळ्यांनी मिळून चालवलेला समाज व्हावा आणि तो समाजच उपचार व्हावा, ही त्यातली कल्पना.

युद्ध संपलं, पण जोन्स थांबला नाही. 1947 पासून लंडनच्या दक्षिणेला बेलमाँटमध्ये, एका जुन्या अनाथ-दरिद्री आश्रमाच्या इमारतीत, त्याने शंभर खाटांचा विभाग चालवला. आता पेशंट सैनिक नव्हते. नोकरी न टिकणारे, कुणाशी न पटणारे, रागाच्या भरात स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करणारे, म्हणजे इतर रुग्णालयांनी हात टेकलेले लोक. 1959 साली याच विभागाला हेंडरसन हॉस्पिटल हे नाव मिळालं.

हेंडरसनमधला एक दिवस बघूया. पुढच्या काळात तिथे 29 जणांची सोय होती. मुक्काम जास्तीत जास्त वर्षभर. मनावरची औषधं बंद. सकाळी सव्वानऊला सगळे गोलाकार बसत. राहणारेही, डॉक्टरही, नर्सही. सभेचा अध्यक्ष कोण? राहणाऱ्यांनी निवडून दिलेला राहणारा. गेल्या चोवीस तासांत जे जे घडलं, ते सगळं इथे मांडायचं.

समजा, काल रात्री एकाने रागाने ताट भिंतीवर फेकलं. साध्या वॉर्डात काय होईल? नर्स धावेल, डॉक्टरला फोन जाईल, इंजेक्शन दिलं जाईल, फायलीत एक ओळ पडेल, सफाई कामगार तुकडे गोळा करेल. ताट फेकणाऱ्याला कळेल एवढंच, की ताट फेकलं की झोप येते. इथे मात्र सकाळी प्रश्न सुरू होतात. ताट फेकण्याआधी काय झालं? भांडी घासायची पाळी कुणाची होती? तू तेव्हा कुणाकडे बघत होतास? मला तुझी भीती वाटली, मी दार लावून बसले, हे तुला कळलं का? एक जण म्हणतो, माझा बाप असंच करायचा. आणि फेकणारा दचकतो. कारण त्याचाही बाप असंच करायचा.

इथे या पद्धतीचं मर्म आहे. माणूस रुग्णालयात येताना कपड्यांच्या पिशवीबरोबर घरची भांडणंही घेऊन येतो. आईशी जसा वागला, तसाच नर्सशी वागतो. भावावरचा राग शेजारच्या खाटेवर काढतो. तासाभराच्या समुपदेशनात तो या गोष्टी सांगेल, पण सांगण्यात आपण सगळेच थोडी सारवासारव करतो. भांड्यांच्या पाळीत सारवासारव चालत नाही. तिथे माणूस जसा आहे तसा दिसतो, आणि पाहणारे 28 जण असतात. डॉक्टरच्या निदानावर ‘तो बोलायचे पैसे घेतो’ म्हणता येतं. ज्याच्यासोबत काल कांदे चिरले, त्याचं बोलणं झटकून टाकणं कठीण जातं.

आश्चर्य इथेच संपत नाही. नव्या माणसाला आत घ्यायचं की नाही, यावर मतदान होई, आणि मत देणाऱ्यांत राहणाऱ्यांची संख्या जास्त असे. मारहाण किंवा नशा केली, की जागा गेली. पण त्या माणसाला समूहापुढे उभं राहून, मला राहू द्या, असं म्हणता येई. पुन्हा चर्चा, पुन्हा मतदान. ज्या माणसाला आयुष्यभर इतरांनीच हाकललं, त्याच्या हातात आता दुसऱ्याला ठेवायचं की घालवायचं हे ठरवणारं मत! ते देताना त्याच्या मनात काय चालत असेल, याची कल्पना करा.

पण अशा समूहात गोंधळ माजत नसे? माजत असे. 1950च्या दशकात रॉबर्ट रॅपोपोर्ट हा अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ बेलमाँटमध्ये येऊन बसला. आदिवासी पाड्याचा अभ्यास करावा, तसा त्याने वॉर्डाचा अभ्यास केला. त्याच्या 1960 सालच्या पुस्तकाचं नावच आहे ‘कम्युनिटी ॲज डॉक्टर’. त्याला दिसलं, की समूहाला भरती-ओहोटी असते. काही काळ सगळं सुरळीत चालतं. मग जुनी, मुरलेली माणसं बरी होऊन निघून जातात, नवी येतात, नियम मोडले जातात, सगळं ढासळतं. आणि हळूहळू पुन्हा उभं राहतं.

हे वाचताना मला आपल्या स्वयंपाकघरातलं विरजण आठवलं. कालच्या दह्याचा चमचाभर आजच्या दुधात घातला, की पातेलंभर दूध रातोरात दही होतं. त्या चमच्यात काय असतं? जिवंत सवय. उपचारसमूहात जुने पेशंट हेच विरजण. खरं बोलायचं कसं, राग आला तर सभा बोलवायची कशी, रात्री दोन वाजता रडणाऱ्याजवळ बसायचं कसं, हे कुठल्याही पाटीवर लिहिलेलं नसतं. ते जुन्याकडून नव्याकडे जातं. सगळे जुने एकदम गेले, तर विरजणच संपलं. नुसतं दूध नासायची भीती. म्हणून असे समूह बंद पडले, की पुन्हा सुरू करणं फार अवघड जातं. 2008 साली हेंडरसन बंद झालं, तेव्हा हातातून गेलं ते हेच. इमारत काय, पुन्हा बांधता येते.

या विरजणात आणखी एक कोडं आहे. मदत घेणारा बरा होतो, हे समजू शकतं. पण मदत करणारा का बरा व्हावा? 1965 साली फ्रँक रीसमन या अमेरिकन सामाजिक मानसशास्त्रज्ञाने याला नाव दिलं: ‘हेल्पर थेरपी’. दुसऱ्याला समजावताना माणूस स्वतःलाही समजावतो. शिवाय आजाराने त्याच्याकडून जी गोष्ट सर्वांत आधी काढून घेतलेली असते, ती परत मिळते: आपला कुणाला तरी उपयोग आहे ही जाणीव. मिल हिलच्या त्या जुन्या सैनिकांचं हेच झालं होतं.

पुरावा आहे का, असं तुम्ही विचाराल, आणि विचारायलाच हवं. माणसांचा समूह गोळीसारखा मोजून देता येत नाही, त्यामुळे चाचण्या अवघड. तरी 2017 साली ऑक्सफर्डमधल्या डॉक्टरांनी व्यक्तिमत्त्व-विकाराच्या 70 जणांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत वाटणी करून चाचणी प्रसिद्ध केली. रुग्णालयात दाखल होण्याच्या प्रमाणात दोन्ही गटांत फरक दिसला नाही. पण दोन वर्षांनंतर उपचारसमूहातल्या लोकांचं स्वतःला आणि इतरांना इजा करणं लक्षणीय कमी होतं, आणि उपचारांबद्दल समाधान अधिक. जादू म्हणण्याइतका निकाल नाही. पण ज्या आजारापुढे डॉक्टर हतबल होत, त्याच्या बाबतीत एवढंही थोडं नाही.

कैद्यांवरही याचा प्रयोग झाला, आणि तो टिकला. इंग्लंडमधल्या ग्रेंडन तुरुंगात 1962 पासून गंभीर गुन्ह्यांचे कैदी असेच समूह करून राहतात, सभा घेतात, एकमेकांना जाब विचारतात.

मात्र हे विरजण बिघडूही शकतं, आणि ते सांगितल्याशिवाय पुढे जाणं बरोबर नाही. 1958 साली कॅलिफोर्नियात चार्ल्स डेडेरिचने व्यसनी लोकांसाठी सिनॅनॉन हा समूह काढला. सुरुवातीला त्याचं फार कौतुक झालं. पण तिथे सत्ता एका माणसाच्या हातात गोळा होत गेली, बाहेरच्या जगाची दारं बंद झाली, खरं बोलण्याच्या नावाखाली माणसांना ठेचलं जाऊ लागलं. 1978 साली सिनॅनॉनविरुद्ध लढणाऱ्या एका वकिलाच्या टपालपेटीत विषारी रॅटलस्नेक सोडण्यापर्यंत मजल गेली. म्हणून मला हेंडरसनचं मतदान आणि बदलता अध्यक्ष हा सोपस्कार वाटत नाही. तोच समूहाला पंथ होण्यापासून वाचवतो. दार बाहेरून उघडतं का, आणि प्रमुखाला कुणी प्रश्न विचारू शकतं का, हे दोन प्रश्न अशा कुठल्याही केंद्राबाबत आधी विचारावेत.

आता जरा आपल्याकडे बघू. 1950च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयाचे प्रमुख डॉ. विद्यासागर यांनी काय करावं? रुग्णालयाच्या आवारात तंबू ठोकले आणि पेशंटच्या घरच्यांना तिथे राहायला बोलावलं! त्या काळात एकदा फाटकाच्या आत सोडलेल्या माणसाला घरचे विसरून जात. इथे आई, नवरा, भाऊ शेजारीच राहू लागले. त्यांनी डोळ्यांनी पाहिलं, की शेजारच्या तंबूतला माणूस आठवड्यापूर्वी कसा होता आणि आज कसा आहे. भीती ओसरली. इंग्लंडमध्ये अनोळखी माणसांचा समूह बांधावा लागला. इथे नात्यांचा समूह आयताच होता, त्याला फक्त आत घ्यायचं होतं. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या मानसिक आरोग्य केंद्रातही घरच्या माणसासह राहण्याची पद्धत अशीच रुजली.

आणि पुण्याचं मुक्तांगण तर आपल्या माहितीतलं. अनिल अवचट यांनी गर्दच्या, म्हणजे ब्राउन शुगरच्या, व्यसनावर लिहिलं, ते वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई हेलावले, त्यांनी देणगी दिली, आणि 29 ऑगस्ट 1986 रोजी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात केंद्र सुरू झालं. अवचटांच्या पत्नी डॉ. अनिता याच रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ होत्या. मुक्तांगण ही हेंडरसनची नक्कल नाही. व्यसनमुक्तीची वाट वेगळी आहे. पण विरजण तेच. तिथे काम करणाऱ्यांत कितीतरी जण कधीकाळी स्वतः पेशंट म्हणून त्या दारातून आत आलेले. नवा मुलगा थरथरत, शिव्या देत येतो, आणि त्याच्यासमोर बसलेला माणूस शांतपणे म्हणू शकतो, मीही असाच आलो होतो. मिल हिलच्या सैनिकाचं ते वाक्य येरवड्यात मराठीतून!

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. हे औषधांऐवजी नाही. भ्रम-भास होत असताना, मन पार विस्कटलेलं असताना सकाळच्या सभेत बसणं माणसाला सोसत नाही. तेव्हा औषध आणि शांतता लागते. हेंडरसनमध्ये औषधं बंद असत, कारण तिथे येणाऱ्यांचा आजार वेगळा होता. घरी कुणाच्या गोळ्या चालू असतील, तर त्या डॉक्टरला विचारल्याशिवाय थांबवू नका.

पण गोळ्या सुरू असतानाही उरलेले दहा-बारा तास शिल्लकच असतात. तुमच्या घरात कुणी मनाच्या आजारातून उठत असेल, तर माझी एवढीच विनंती आहे. ‘तू आराम कर’ म्हणून त्याच्या हातातलं प्रत्येक काम काढून घेऊ नका. चहाचं आधण, दूध आणणं, धाकट्याचा अभ्यास, काहीतरी एक त्याच्याकडे राहू द्या. ज्या दिवशी ते झालं नाही, त्या दिवशी रागावू नका. पण ते झालं नाही हे आपल्या लक्षात आलं, एवढं त्याला सांगा.